शाहिराचा घसा बसला तेव्हा

मला गाण्यातलं काही कळत नाही. सूर, पट्टी, ताल हे शब्द माझ्या नातवंडांच्या तोंडचे. पण एक माणूस रेडिओवर गायला लागला की माझी तव्यावरची भाकरी करपायची, एवढं खरं. तो शाहीर स्वतःच गाणी रचायचा आणि स्वतःच म्हणायचा. त्याचं गाणं दुसऱ्या कुणी म्हटलं तर मला ऐकवायचं नाही. हे माझं मत झालं. कुणाला पटत नसेल तर त्यानं खुशाल आपल्या घरी बसावं.

हे वेड मला आबांनी लावलं. आबा म्हणजे माझे वडील. उंब्रजच्या पुढं ओढ्याकाठी आमचं माहेरचं गाव. आबा तरुणपणी लष्करात होते, ब्रह्मदेश बघून आलेले. परत आले ते दोन गोष्टी घेऊन: एक जाडजूड घोंगडं आणि दुसरा आवाज. तो आवाज म्हणजे काय सांगू! आबांनी या काठावरून हाक मारली की पल्याडच्या रानातली बैलं माना वर करून बघायची. घरात साधं मीठ मागायचं तरी पलटणीला हुकूम दिल्यासारखं मागायचे. आई म्हणायची, "आवं, हळू बोला की, आमी काय लढाईत हाय काय?" तर त्यावर त्याच आवाजात, "मी हळूच बोलतोय!"

त्यांचा आवाज काही माझ्याकडं आला नाही, पण त्यांचा राग मात्र सगळाच्या सगळा माझ्याकडं आला. लहानपणापासून मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. म्हणून आबा मला 'तोफ' म्हणायचे. "तोफे, पाणी आण." "तोफे, रेडिओ लाव." "कुणावर डागलीस गं आज, तोफे?" माझं खरं नाव त्यांच्या तोंडून, त्यांनी माझी लग्नपत्रिका वाचून दाखवली, तेव्हा तेवढं मी ऐकलं असेल.

संध्याकाळी शेतीच्या बातम्या झाल्या की रेडिओवर लोकगीतं लागायची. आबा रेडिओ घेऊन विहिरीवर आंब्याखाली जाऊन बसायचे, मी त्यांच्या शेजारी. त्या शाहिराचं एक गाणं होतं. लांब सरहद्दीवर पडलेला एक शिपाई, गावाकडं निघालेल्या सोबत्याला सांगतोय:

जाणाऱ्या गड्या, माझ्या गावाला जा,
आंब्याच्या हिरीला सांगून ये;
येशील माघारी तवा माझ्यासाठी
ओंजळभर पाणी घेऊन ये.

हे गाणं लागलं की आबा रेडिओच्या वरताण आवाज लावायचे. शाहीर राहिला बाजूला, आबाच ऐकू यायचे. आणि गाणं संपलं की दर वेळी तेच: "तोफे, ही आपलीच हीर हाय बघ. ह्या गड्यानं आपली हीर बघितल्याबिगर हे लिवलं नसंल." शेजारचे चुलते चिडवायचे, की आंबा आणि विहीर काय साऱ्या जगात तुमच्याच रानात आहे का. आबा अशानं भडकायचे. म्हणायचे, "एकदा त्यो शाहीर समोर भेटू दे. मी त्येलाच इचारतो, कुठली हीर ते." ही त्यांची एवढी एकच इच्छा होती आयुष्यात. शाहिराला समोर बसून ऐकायचं आणि विहिरीचा निकाल लावायचा.

मग माझं लग्न होऊन मी पलूसकडं गेले. नवरा लष्करातच. वर्षातून एकदा सुट्टीला यायचा, बाकी घरात मी, आत्याबाई म्हणजे माझी सासू, आणि धाकटे भावजी. ऊस भरपूर, काम त्याहून भरपूर. आणि लग्नानंतर तिसऱ्या वर्षी निरोप आला की आबांच्या अंगावरून वारं गेलं.

मी गेले तेव्हा आबा बाजेवर पडलेले. उजवा हात, उजवा पाय निकामी. ते सगळं मी सोसलं असतं हो, पण वाचा गेली होती. माझ्याकडं बघितलं, तोंड उघडलं, ओठ हलले आणि त्यातून नुसती हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवा. मग त्यांना असा राग आला, की डाव्या हातानं बाजेची कड धाडधाड बडवायला लागले. सगळं समजत होतं त्यांना. कोण आलं, कोण गेलं, कुणी खोटं बोललं, सगळं. पण 'तोफे' हा एवढा दोन अक्षरांचा शब्द काही त्यांना काढता येईना. मी ओसरीत जाऊन भिंतीला डोकं लावून रडले. आई आधीच गेली होती. मला त्या हाकेनं बोलावणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं.

वर्ष गेलं, दुसरं लागलं. बाकी तब्येत जरा सुधारली, धरून बसवलं तर बसायचे, पण आवाज नाही तो नाहीच. मी जेव्हा जेव्हा जायची तेव्हा मुद्दाम समोर उभी राहायची, "आबा, मी आलीय, तोफे म्हणा की" असं सांगायची, आणि प्रत्येक वेळी बाज बडवलेली ऐकून माघारी यायची. माझ्या भावाचं म्हणणं, "कशाला छळतीस त्येंला?" आणि रेडिओ तर त्यानं कपाटात ठेवून दिला होता. गाणं लागलं की आबा बडवाबडवी करायचे, म्हणून.

अशात त्या वर्षी आमच्या सासरच्या गावानं यात्रेसाठी त्याच शाहिराला सुपारी दिली. बातमी भावजींनी आणली. ते यात्रा कमिटीत होते आणि त्यामुळं दोन महिने जमिनीवर चालत नव्हते. मी ऐकलं, हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि आत्याबाईंना म्हणाले, "मी आबांना आणणार."

आत्याबाई कडक होत्या, पण कजाग नव्हत्या. म्हणाल्या, "आण की. पर त्यो तुजा भाऊ पाठवंल व्हय?"

भाऊ नाहीच म्हणाला. "वाटंत काय झालं म्हंजी?"

"झालं तर माझ्या नावावर घाल. आजवर एवढं घातलंयस, त्यात आणखी एक."

"एस.टी.त कसं न्यायचं? बसवत न्हाई त्येंला धड."

"मी धरते. तुला काय, तुझ्या मांडीवर बसणार हायत काय ते?"

आबा बाजेवरून दोघांचं भांडण ऐकत होते. मी त्यांना विचारलं, "यायचं का हो शाहिराला बघायला?" त्यांनी डावा हात वर केला आणि माझं मनगट असं धरलं, की सोडवता सुटेना. मग तोच आला बिचारा सोबत. कराडला बदलून, शेवटच्या बाकावर आबांना दोघांच्या मध्ये आवळून बसवून, आम्ही त्यांना पलूसकडं आणलं. कंडक्टरनं सबंध वाटेत त्या बाकावर कुणाला बसू दिलं नाही. त्याचंही देव भलं करो.

आता यात्रेच्या दिवसाचं सांगायला हवं, कारण खरा घोटाळा तिथं झाला.

आमच्याकडं पाहुणा आला की त्याला दारावरून कोरडा जाऊ द्यायचा नाही ही रीत. त्यात ऊसवाल्यांचं गाव, चैत्राचं ऊन, शेवटची गुऱ्हाळं चालू. शाहीर सकाळीच आला. कमिटीनं त्याला पारावर बसवून हार घातला आणि मग सुरू झालं घरोघर नेणं. "आमच्या घराला पाय लावा." "आमच्या म्हातारीनं तुमच्यासाठी आटीव दूध ठेवलंया." कुणाकडं रस, कुणाकडं ताक, कुणाकडं लिंबू सरबत. आणि त्यावर कळस म्हणजे बर्फ! आमचे भावजी पहाटे मोटारसायकलवरून सांगलीला गेले होते आणि पोत्यात भुसा घालून बर्फाची लादी घेऊन आले होते. गावात आजवर बर्फ कुणी आणला नव्हता. मग काय विचारता. प्रत्येक घराला वाटलं, आपल्या पेल्यात खडा जरा मोठा पडला पाहिजे.

मी भावजींना म्हणाले, "आवं, त्यानं रात्री गायचं हाय का पोहायचं हाय?"

"वैनी, तुमी गप बसा. गावाची इज्जत हाय."

दुसरा एखादा शाहीर असता तर हात जोडून सुटला असता. पण हा पडला पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातला. मेंढरांमागं हिंडून वाढलेला माणूस. आमच्या ओसरीत आला तेव्हा मी त्याला पहिल्यांदा बघितला. रेडिओवरून वाटायचा धिप्पाड, आणि समोर उभा तर माझ्या खांद्याला लागेल एवढा, काटक, काळासावळा, डोईला लाल मुंडासं. मी बघतच राहिले. एवढा मोठा आवाज ह्यानं ठेवलाय तरी कुठं, असं वाटलं. आत्याबाई रसाचा तांब्या घेऊन उभ्याच होत्या.

तो म्हणाला, "आई, लय झालं आता. पोटात जागा न्हाई."

आत्याबाईंचा चेहरा पडला. "आमच्याच दारात बरी जागा सपली!"

झालं, त्यानं निमूट तांब्या घेतला आणि वरून तोंडात सोडला. पिऊन झाल्यावर हसून म्हणाला, "काय करता, आमच्या आईनं शिकवलंया. कुणी प्यायला दिलं तर न्हाई म्हणायचं न्हाई. दुष्काळात आमी चार कोस चालून कळशी आणलीया. पाण्याला न्हाई म्हणायला जीभच उचलत न्हाई." तेव्हा तो मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षंच झाली होती. सगळ्यांनाच तो आठवत होता.

म्हणजे बघा. गाव असं, की पाजल्याशिवाय सोडायचं नाही, आणि माणूस असा, की नको म्हणायचं नाही. दोघांनी मिळून त्या घशाची वाट लावली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, प्रत्येकानं मायेनंच केलं.

आबा ओसरीतच बाजेवर भिंतीला टेकून होते. शाहीर आला तेव्हापासून त्यांची नजर त्याच्यावरून हलली नव्हती. मी पुढं झाले आणि सांगितलं, की हे माझे वडील, लष्करातले, तुमचं गाणं पाठ आहे यांना, पण वाचा गेलीय. आणि म्हटलं, "यांना तुम्हाला एक विचारायचं होतं. आता मीच विचारते. ती आंब्याची हीर कुठली? आबा म्हणायचे आमचीच. खरं काय ते सांगा."

शाहीर बाजेच्या कडेला टेकला. आबांचा निकामी हात हातात घेतला आणि त्यांनाच म्हणाला, "आजोबा, आमच्या गावाला हीर न्हाई. आंबा बी न्हाई. एक बाभळ हाय, ती बी वाळल्याली. नव्हती म्हणून तर लिवली. तुमची असंल तर तुमचीच."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मान ताठ केली. चुलत्यांना जिंकल्यावर करायचे तशी. मला हसू आलं आणि रडूही आलं. शाहीर म्हणाला, "रातच्याला ते गाणं तुमच्यासाठी." बोलताना त्याचा आवाज जरा जड झालेला, पण माझं लक्ष नव्हतं. मी त्याच आनंदात.

संध्याकाळी जेवणं उरकून आम्ही बैलगाडीत कडबा घातला, त्यावर वाकळ, आणि आबांना कडब्याला टेकवून बसवलं. देवळापुढच्या पटांगणात बायकांच्या मागं गाड्या सोडलेल्या होत्या, तिथं आमचीही सोडली. मी आबांच्या शेजारी, भाऊ खाली जुवाजवळ. आत्याबाई पुढं बायकांत. कर्ण्यावरून कमिटीनं नेहमीप्रमाणं सत्कार चालवले. नारळ, फेटा, टाळ्या. नारळ, फेटा, टाळ्या. फेटे संपले तेव्हा कुठं डफावर थाप पडली.

गण झाला. दोन गाणी झाली. पहिल्या गाण्यातच मला कळलं की काहीतरी चुकतंय. वरच्या जागा तो घेत नव्हता. त्या जागा डफवाल्यावर सोडत होता. मधेच पाठ फिरवून खाकरत होता. दुसऱ्या गाण्यात आवाज घासल्यासारखा यायला लागला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. भावजी स्टेजच्या कडेला उभे होते, त्यांचा चेहरा चुन्यासारखा झालेला.

मी मनात म्हणत होते, देवा, बाकी काही नको, आमचं तेवढं एक गाणं होऊ दे. नंतर त्याचा घसा वर्षभर बसू दे. असं वाईट मागू नये, पण मागितलं खरं.

शाहीर माइकजवळ आला. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हे गाणं आज एका शिपायाला." तुणतुणं लागलं. त्यानं पहिलं ध्रुपद कसंबसं म्हटलं. मी आबांकडं बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले, डावा हात मांडीवर ठेका धरतोय. मग शाहिरानं कडवं घेतलं:

आई पुसंल तर बरा हाय म्हण,
घावाचं तेवढं झाकून ये;
बाप न्हाई पुसायचा, तरी बी गड्या,
जरा त्याच्याशेजारी बसून ये.

'बसून ये'वर आवाज फाटला. त्यानं ध्रुपदाला तोंड उघडलं. "येशील माघारी..." आणि पुढं काही नाही. ओठ हलतायत आणि हवा येतेय. अगदी आबांसारखं. मला बघवेना. हे असं तोंड मी दोन वर्षं घरी बघत होते, ते आता सगळ्या गावापुढं. डफ चालू, तुणतुणं चालू, आणि मधे काही नाही.

आणि माझ्या कानाशी आवाज आला.

तवा माझ्यासाठी
ओंजळभर पाणी घेऊन ये.

मला आधी वाटलं, मागच्या गाडीतून कुणी म्हटलं. मी वळून बघितलं. मग बैलांनी माना वर केल्या आणि मला समजलं. आबा! डोळे मिटलेले, मान ताठ, तोंड उघडं, आणि त्यातून शब्द येत होते. धड शब्द, एकही न अडखळता. कर्णा नाही, माइक नाही, आणि तरी तो आवाज स्टेजला जाऊन भिडला. सगळी माणसं मागं वळली. खाली भाऊ जू धरून उभा राहिला होता, तो मटकन खालीच बसला.

शाहिरानं हात उंच करून डफाला खूण केली, थांबू नका. माइकला तोंड लावून नुसता कुजबुजला, "आजोबा, ध्रुपद तुमचं." आणि पुढचं कडवं त्यानं गायलं नाही, बोलला. शब्द बोलायचा आणि थांबायचा. थांबला की आबा ध्रुपद उचलायचे. दुसऱ्या वेळेपासून बायका त्यांच्या मागं म्हणायला लागल्या. तिसऱ्या वेळेला सगळं पटांगण. ज्या शाहिराला ऐकायला आबांना एवढ्या लांबून आणलं, तो स्टेजवर उभा राहून आबांना ऐकत होता. मी मात्र तोंडावर पदर धरून हमसून हमसून रडत होते आणि कुणी बघतंय याची मला काडीची लाज वाटत नव्हती.

नंतर बत्त्या विझवण्याआधी शाहीर आमच्या गाडीशी आला. आबांच्या पायाला हात लावला. आबांनी डोळे उघडले, त्याला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि पुन्हा ती हवा. बोलणं नाहीच. आबांचा हात बडवायला उठला. शाहिरानं तो धरला. स्वतःचा आवाज नव्हताच, कुजबुजत म्हणाला, "बोलायचं नगं. गातच ऱ्हावा." मग आत्याबाईंनी त्याच्या पुढं गरम पाण्याचा पेला धरला आणि तोही त्यानं घेतला.

दुसऱ्या दिवशी गावात दोन तट पडले. एक म्हणे, यात्रेचा देव म्हाताऱ्याच्या मुखी आला. दुसरा तट नुसता भांडत होता, की बर्फ आणायची अक्कल कुणाची. भावजी दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि वर पुरणपोळीवर तुपाची धार धरली. म्हणाले, "वैनी, थट्टा करताय व्हय?" मी म्हटलं, "न्हाई ओ भावजी, देवाशपथ. तुमी बर्फ आणला म्हणून माझा बाप गायला." शाहीर धड गायला असता तर आबा गप बसून ऐकून माघारी गेले असते. गाणं पुरं झालं असतं आणि कुणाची गरज पडली नसती. पुढं सांगलीच्या डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा ते म्हणाले की असं होतं कधी कधी, माणसाचं बोलणं जातं आणि गाणं मागं राहतं. राहिलं होतं तर राहिलं होतं, पण ते आहे हे आम्हाला दाखवलं कुणी? त्या लादीनं, त्या तांब्यांनी, आणि नाही म्हणता न येणाऱ्या त्या माणसानं. त्या सगळ्यांचे उपकार माझ्यावर आहेत आणि मी ते कधी लपवले नाहीत.

पण एक सांगते. माझ्या मनाचं पोट भरलं नव्हतं. आबा गाणं म्हणायचे, रोज म्हणायचे, भावानं रेडिओही कपाटातून काढला. पण तेच शब्द, जसे रचलेत तसेच. त्यात मी नव्हते. मी हावरट. देवानं एवढं दिलं तरी मला ती हाक पाहिजे होती.

पंचमीला मी माहेरी गेले. झिमझिम पाऊस होता, आबांची बाज ओसरीत, समोर ओला आंबा आणि विहीर दिसत होती. आणि मी आल्या आल्याच भावाशी भांडण काढलं. कशावरून ते आता आठवत नाही. बहुतेक आबांच्या वाकळेवरून. तो बोलला, मी बोलले, त्याचा आवाज चढला, माझा त्याच्या वर. वहिनी मधे पडली तर तिच्यावरही मी घसरले. आणि त्या गदारोळात बाजेवरून सूर आला. तीच चाल, तोच आवाज.

ऐक गं तोफे, गप गं तोफे,
ओंजळभर पाणी घेऊन ये.

भाऊ बोलता बोलता थांबला. मी तर तशीच उभी. आबा माझ्याकडं बघत होते, आणि मी हलत नाही म्हणून त्यांना राग यायला लागला होता. डाव्या हातानं बाज बडवली. पाणी!

मी धावले. माठ तिथंच, हाताशी होता, पण मी पावसात धावत विहिरीवर गेले, पायऱ्या उतरले आणि कळशी भरून आणली. आबांपुढं बसून त्यांना माझ्या ओंजळीनं पाजलं. ते प्याले. अर्धं हनुवटीवरून गळ्यात गेलं. मग मी म्हटलं, "आबा, परत म्हणा." त्यांनी म्हटलं. मी परत ओंजळ धरली. "परत म्हणा." पुन्हा तोफे, पुन्हा पाणी. भाऊ म्हणाला, "आगं, पोट फुटंल त्येंचं!" पण मी काही ऐकेना आणि आबाही काही नाही म्हणेनात. सगळ्या गावानं शाहिराचं केलं होतं, तेच मी त्या दुपारी आबांचं केलं.